कापूस वेचणारी बाई आकडेवारीत कुठे जाते?

जनगणनेचा प्रगणक घरी येतो तेव्हा बाई बहुतेक वेळा कापसाच्या पऱ्हाटीत असते. मग ओसरीवरचा कुणी पुरुष तिच्या वतीनं सांगून टाकतो, "थे घरीच रायते." सांगणाऱ्याला खोटं बोलायचं नसतं, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. पण हे उत्तर तसंच कागदावर उतरलं, तर पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत शेतात राबलेली बाई देशाच्या हिशेबात काम न करणाऱ्यांमध्ये जाऊन बसते.

जनगणनेची कामाची व्याख्या मात्र एवढी कंजूष नाही. मागच्या वर्षभरात केलेलं काम ती विचारते आणि घरच्या शेतातलं बिनमजुरीचं कामही त्यात धरते. बायकांचं शेतीकाम गणतीतून सुटतं हे लक्षात आल्यावर १९९१ साली तसे शब्द थेट प्रश्नातच घातले गेले. शेतकरी म्हणून नोंद व्हायला सातबारा नावावर असावा लागत नाही, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं. घरच्या जमिनीत राबणारी बाई जनगणनेच्या लेखी शेतकरीच असते.

खरी गोची दिवस मोजण्यात आहे. वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलं तर 'मुख्य' कामगार, कमी केलं तर 'सीमांतिक'. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या कोरडवाहू शेतातल्या बाईचं वर्ष मांडून पाहा. जूनमध्ये पाऊस पडला की सरकी टोबायची, उगवलं नाही तिथे पुन्हा बी लावायचं. मग निंदण, पुन्हा निंदण, मधेच खत. सोयाबीन असेल तर दसऱ्याच्या सुमारास सोंगणी. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वेचणी लागते, ती एका वेच्यावर संपत नाही. घरचं आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं वेचायचं. पुढे तूर, हरभरा. भंडारा-गोंदियाकडे हीच गोष्ट धानाच्या रोवणीची आणि कापणीची, गडचिरोलीत त्यात उन्हाळ्यातली मोहफुलं आणि तेंदूपत्ता येतो. कुठलंच काम सलग सहा महिन्यांचं नाही, पण तुकडे जोडत गेलं तर बेरीज सहज तिथवर पोचते. ही बेरीज उंबऱ्यावर उभ्या उभ्या कुणी करत नाही. धीरानं एकेक हंगाम विचारणारा प्रगणक भेटला तर ती 'मुख्य' ठरते, घाईतला भेटला तर 'सीमांतिक', आणि ती घरी नसताना विचारलं तर काहीच नाही.

म्हणून एकट्या जनगणनेवर भागत नाही. जनगणना घरोघर जाते, त्यामुळे तिला प्रश्न मोजकेच ठेवावे लागतात. खोलात जाण्याचं काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नमुना सर्वेक्षणांचं. ही परंपरा १९५० पासूनची. २०१७ साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात वर्षभराबरोबर मागच्या सात दिवसांचंही विचारतात, आणि त्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलं असलं तरी ते धरलं जातं. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत तीच बाई कामावर दिसते आणि एप्रिलमध्ये दिसेनाशी होते. घरकाम सांभाळून सरपण, चारा, रानभाजी गोळा करणाऱ्यांसाठी तिथे ९३ क्रमांकाचा वेगळा संकेतांक आहे. म्हणजे तिची नोंद होते, पण श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर. डोक्यावर मोळी घेऊन रान तुडवत येणाऱ्या बाईला श्रमाच्या हिशेबातून वगळणं मला कधीच पटलेलं नाही.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं ते २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण. 'काम करते का?' या प्रश्नावर ते थांबलं नाही. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय केलं, एवढंच विचारलं. तेव्हा देशभरातल्या ८१ टक्के स्त्रिया बिनमोबदल्याचं घरकाम करताना आढळल्या आणि त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांपैकी २६ टक्क्यांनीच ते केलं, तेही ९७ मिनिटं.

या सर्वेक्षणांना गावं निवडायला यादी लागते, आणि निवडलेलं एक गाव किती गावांच्या वतीनं बोलतं याचा हिशेबही लागतो. दोन्हींचा पाया जनगणना. शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. त्यानंतर कामासाठी पुण्याला गेलेली पोरं, गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून नव्या जागी वसलेली कुटुंबं, हे सगळं त्या जुन्या यादीत कुठून येणार?

येत्या जनगणनेत लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, संदर्भवेळ, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. तेव्हा शेवटचा वेचा झालेला असेल आणि बऱ्याच वावरांत हरभऱ्याची सोंगणी चाललेली असेल. दिलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानं गोपनीय राहते, कोर्टातही ती पुरावा म्हणून चालत नाही. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगायची सक्ती नाही, हेही त्याच कायद्यात आहे. या वेळी मोबाइलवरून स्वतःच माहिती भरायची सोय आहे. प्रगणक निदान "बाईंना बोलवा" असं म्हणू शकतो, मोबाइल म्हणणार नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो तिच्या हातात नसतो, तिथे माहिती भरताना तिला शेजारी बसवून एकेक हंगाम विचारायला हवा.