पुण्याहून केनियातल्या चर्चच्या बालगृहाला भेट: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

मंडळीतले काही सभासद केनियातल्या एखाद्या घराला नियमित मदत पाठवत असतात. चर्चच्या आधाराने चालणारं घर, एक पालक-दांपत्य आणि त्यांच्याकडे वाढणारी आठ-दहा मुलं. एकदा मुलांना भेटून यावं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते मुलांचं राहतं घर आहे, म्हणून सुरुवात तिकिटाने करू नका. आधी घराची लेखी संमती, मग बाकी सगळं.

संमतिपत्रात तारखा, येणाऱ्या प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव, मुक्काम कुठे आणि घरात किती वेळ, एवढं असलंच पाहिजे. मुक्काम घरात नको, जवळच्या अतिथिगृहात ठेवा. केनियात 2022 चा बालक कायदा लागू आहे आणि अशा घरांवर सरकारच्या बालसेवा विभागाची देखरेख असते. त्यामुळे संस्थेच्या नोंदणीची प्रत आणि बालसंरक्षण धोरण मागून घ्या. पाहुण्यांकडून काहीच कागद न मागणाऱ्या घराबद्दल आम्हाला उलट काळजी वाटते. नीट चालणारं घर साधारणपणे फादर किंवा पाळकांचं लेटरहेडवरचं शिफारसपत्र, नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींचे संदर्भ, सही केलेली आचारसंहिता आणि पोलिसांचा दाखला मागतं.

या दाखल्यावरच बहुतेकांचं घोडं अडतं. पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठी असतं. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ते मिळत नाही. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. राहता पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते मात्र आधी बघा. 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे. वाकड, निगडी, चिंचवडचा अर्ज पुणे शहराकडे टाकला तर तो अडकतो. जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांसाठी पुणे ग्रामीण पोलीस आहेत. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा. आधारवर जुना पत्ता असेल तर पडताळणीला येणारा पोलीस तिकडेच जातो.

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारी प्रवासाची पूर्वपरवानगी, सुरू केलं आहे. पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने चालणारा पासपोर्ट, त्यात एक कोरं पान, फोटो, विमानाचा तपशील आणि मुक्कामाचं बुकिंग लागतं. लहान मुलांचाही अर्ज वेगळा भरायचा. तीन कामकाजाचे दिवस धरतात, तरी दोन आठवडे हाताशी ठेवा. अर्ज केनिया सरकारच्याच संकेतस्थळावर भरा. सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं बरीच जास्त रक्कम घेतात.

ईटीएवर काम करता येत नाही, बिनपगारी सेवासुद्धा नाही. मुलांसोबत जेवणं, खेळणं, प्रार्थनेला बसणं ही भेट झाली. वर्ग घेणं, रंगकाम, दवाखाना लावणं हे काम झालं, आणि त्यासाठी यजमान संस्थेने तिथल्या इमिग्रेशन विभागाकडून आधीच स्पेशल पास, म्हणजे कामाचा तात्पुरता परवाना, काढावा लागतो. अर्जात ‘व्हॉलंटियर’ लिहून नंतर ‘फक्त भेट’ म्हणणारे नैरोबी विमानतळावर अडचणीत येतात. संमतिपत्र, अर्ज आणि तोंडी उत्तर तिन्ही एकच हवं.

पैशांचं थोडक्यात. वैयक्तिक देणगी बँकेमार्फत एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली पाठवता येते, मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. ही सोय व्यक्तींसाठी आहे, न्यासासाठी नाही. मंडळीच्या ट्रस्टचा पैसा परदेशात खर्च करण्याआधी सीएंना विचारा, कारण आयकर सवलतीचा प्रश्न येतो. मुलांच्या हातात रोख देऊ नका. ओळख पटेल असे त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका आणि ‘पुढच्या वर्षी नक्की येतो’ असं वचन देऊ नका. ही मुलं असं वचन विसरत नाहीत.

सामान बांधताना चिवडा-लाडू, कपडे, काहीही प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत भरू नका. केनियात 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या घ्या.

आता पीतज्वराची (यलो फीवर) लस. केनिया थेट भारतातून येणाऱ्यांकडून या लशीचा दाखला मागत नाही, म्हणून लोक ती टाळतात. पण भारत तो केनियातून परतणाऱ्यांकडून मागतो. दाखला लशीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि पुढे जन्मभर चालतो. लस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रावरच घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असल्याने केंद्रं ठरावीक वारीच बोलावतात. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तारीख घ्या आणि मूळ पासपोर्ट सोबत न्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ज्यांना लस चालत नाही त्यांनी जाण्याचा फेरविचार करावा, कारण वैध दाखल्याशिवाय मुंबईत उतरलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.