ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीचा प्रोग्राम

वाचायला शिकवणारा प्रोग्राम लिहायला बसलं की पहिल्याच पडद्यावर गाडी अडते. 'बरोबर चित्र निवडा' अशी सूचना लिहावी, तर ती ज्याला वाचता येते त्याला प्रोग्रामची गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याला ती वाचता येत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरगुती संगणक विकले जाऊ लागले. 'मुलांच्या अभ्यासाला उपयोगी' हे सांगून आईबापांना ते घ्यायला लावणं सोपं होतं. गणिताच्या प्रोग्रामांचं निभावून गेलं, कारण आकडा पडद्यावर दाखवला की काम भागतं. वाचनाच्या बाबतीत मात्र यंत्राला तोंड फुटल्याशिवाय इलाज नव्हता.

हे आधीही कळलेलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९६६ मध्ये ईस्ट पालो आल्टोच्या ब्रेंटवुड शाळेत पहिलीतल्या मुलांना संगणकावर वाचन शिकवून पाहिलं. तिथे सूचना ऐकवण्यासाठी ध्वनिफिती होत्या. पण ती आयबीएमची मोठी यंत्रणा; दिवाणखान्यात मांडण्यातली नव्हे.

घरच्या संगणकाची ताकद किती, ते ॲपल-२ वरून बघू. त्याचा प्रोसेसर साधारण १ मेगाहर्ट्झचा. स्पीकरला फक्त एक धक्का देता यायचा: टक्. सूर हवा असेल तर प्रोसेसरने इतर कामं बाजूला ठेवून सेकंदाला शेकडो वेळा टकटक करत राहायचं. बोलणं साठवायचं म्हटलं तर आणखी पंचाईत. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा साठवायला सेकंदाला ८ किलोबाइट लागतात आणि ॲपलच्या फ्लॉपीत मावायचे १४० किलोबाइट. म्हणजे पूर्ण फ्लॉपीत सतरा-अठरा सेकंदांचं बोलणं, तेही प्रोग्रामला जागाच न ठेवता!

मग काहींनी बोलणंच टाळलं. मेन्लो पार्कच्या 'द लर्निंग कंपनी'साठी लेस्ली ग्रिम यांनी केलेला 'रीडर रॅबिट' हा त्यातला गाजलेला प्रोग्राम. तीन अक्षरी इंग्रजी शब्द, चित्रं आणि एक नाचणारा ससा. एका खेळात शब्दांची आगगाडी जोडायची, दर डब्यावरच्या शब्दात आधीच्यापेक्षा एकच अक्षर वेगळं. खेळ हुशारीने रचलेले होते यात शंका नाही. पण चित्रातल्या वस्तूचं नाव मोठ्याने म्हणून दाखवायला आई किंवा बाबा शेजारी हवेतच. माझ्या मते तो वाचनाच्या सरावाचा प्रोग्राम होता. शिकवण्याचं काम शेजारी बसलेलं माणूस करत होतं.

यंत्राला खरंच बोलतं केलं ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने. १९७८ मध्ये त्यांनी 'स्पीक अँड स्पेल' हे खेळणं बाजारात आणलं. त्यात आवाज घडवणारं सगळं काम एका चिपवर होतं. युक्ती अशी, की आवाज साठवायचाच नाही. तो कसा निर्माण झाला एवढंच साठवायचं. एकाच पट्टीत 'आ' लावा आणि सूर न बदलता 'ई'वर या, मग 'ऊ'वर. गळ्यातलं कंपन तेच राहतं, बदलतो तो तोंडाच्या पोकळीचा आकार. चिपला दर २५ मिलिसेकंदांनी सांगितलं जाई: जोर किती, सूर कोणता, आणि पोकळीचा आकार दाखवणारे १० आकडे. त्यावरून चिप आवाज नव्याने घडवी. 'स' किंवा 'फ'सारख्या, गळ्यात कंपन नसलेल्या ध्वनींना चारच आकडे पुरत, शांततेला तर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे सेकंदाला ६४,००० बिटांऐवजी (म्हणजे वरच्या ८ किलोबाइटांऐवजी) साधारण १,२०० बिटांत भागू लागलं. खेळण्यातल्या ३२ किलोबाइटमध्ये जिथे चार सेकंद मावले असते, तिथे साडेतीन मिनिटं मावण्याची सोय झाली. या गणिताचा पाया घालणाऱ्यांत जपानचे फुमितादा इताकुरा यांच्याबरोबर अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचे बिष्णू अटल होते. अटल यांचा जन्म कानपूरचा आणि शिक्षण लखनौ व बंगळूरचं.

तीच विद्या कंपनीने आपल्या घरगुती संगणकाला जोडली. टीआय-९९/४ए हा १९८१ चा, ५२५ डॉलरचा. त्याच्या उजव्या बाजूला एक डबी खोचायची की संगणक बोलू लागे. डबीत पावणेचारशेच्या आसपास तयार शब्द होते. 'पुन्हा प्रयत्न कर', 'हे बरोबर आहे' अशी मास्तरी वाक्यंही त्यात अखंड भरलेली होती. शालेय पुस्तकं छापणाऱ्या स्कॉट, फोर्समन या प्रकाशनसंस्थेने त्यासाठी 'अर्ली रीडिंग' हे कार्ट्रिज, म्हणजे संगणकात खोचायची प्रोग्रामची डबी, केलं. सूचना आता ऐकू येत होत्या, म्हणजे पहिल्या पडद्यावरचा पेच सुटला.

दुसरा पेच मात्र त्यातूनच उभा राहिला. या चिपच्या, सेकंदाला ८,००० नमुन्यांवर (म्हणजे आवाजाच्या मोजमापांवर) बांधलेल्या आवाजात ४,००० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही आणि 'स'चा सणसणाट बराचसा त्याच्या वरच असतो. म्हणून 'स' आणि 'फ' एकमेकांत मिसळतात. फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सोलापूर' म्हणावं लागतं, त्याचं कारणही हेच. मोठ्यांना संदर्भाने शब्द कळून जातो. पण 'सॅट' आणि 'फॅट' यांतला फरकच ज्याला पहिल्यांदा शिकायचा आहे, त्या पोराने काय करावं? ध्वनी सुटे करून ऐकवणंही सोपं नव्हतं. इंग्रजीतला 'ब' एकटा उच्चारता येत नाही, मागे स्वर चिकटतोच. मग 'बॅट'चे तुकडे ऐकून मूल तीन तुकडेच म्हणतं, शब्द जुळत नाही. यंत्र कितीही गोड बोललं तरी ही अडचण त्याच्या हातची नव्हती.

टीआयचं पुढे धंद्यात जमलं नाही. कमोडोर या दुसऱ्या संगणक कंपनीशी दरयुद्ध पेटलं, १९८३ मध्ये संगणकाची किंमत शंभर डॉलरपर्यंत घसरली आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने घरगुती संगणकांतून अंग काढून घेतलं. चिप मात्र टिकली. त्याच कुळातली एक 'इको-२' नावाच्या कार्डावर बसून ॲपल-२ मध्ये गेली.

यंत्रांच्या या सगळ्या पिढीला बोलता येत होतं, ऐकता येत नव्हतं. वर्गात बाई मुलाला मोठ्याने वाचायला लावतात, तो कुठे अडखळला ते कानाने टिपतात आणि तिथेच थांबवतात. कार्ट्रिजला फक्त दाबलेली कळ दिसायची. मुलाचं वाचन ऐकू पाहणारा प्रकल्प कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो यांनी सुरू केला तो १९९०च्या दशकात. गूगलने २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाचं ॲप आणलं, त्यात मूल फोनसमोर गोष्ट वाचतं आणि दिया नावाचं पात्र ऐकून चूक दाखवतं. सुरुवात हिंदी आणि इंग्रजीने झाली, मग इतर भारतीय भाषांबरोबर मराठीही आली.