नथ का बसेना?

भाचीच्या डोहाळजेवणात ओटी भरायच्या आधीच नथीवरून गोंधळ झाला. लग्नात दिवसभर मिरवलेली तीच चापाची नथ, पण दोन मिनिटांत तिने काढून ताटलीत ठेवली. "मावशी, आधीच नाकाने श्वास घेता येत नाही, त्यात हा चिमटा कशाला?" आठवा महिना लागलेला. महिनाभर नाक चोंदलेलं, पण ताप नाही, शिंका नाहीत, घसाही ठीक. तोवर जमलेल्या बायकांचं निदान होऊन गेलं होतं: दही बंद, केळं बंद, फ्रिजमधलं पाणी तर नकोच. एका काकूंनी तिच्या नाकाकडे निरखून बघत "मुलगाच" असंही जाहीर केलं.

या काकूंची धाकटी भावंडं हल्ली इन्स्टाग्रामवर भेटतात. 'प्रेग्नन्सी नोज' नावाखाली आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मध्ये किंचाळणारं संगीत. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, चेहरा भरतो, त्यात नाकही आलं. उरलेली करामत कॅमेरा किती जवळ धरलाय याची. मुलगा की मुलगी हे बीज फळतं त्याच क्षणी ठरतं, त्याचा निरोप आईच्या नाकापर्यंत पोचत नाही. खरी गंमत बाहेर नाहीच, ती नाकाच्या आत आहे.

नाकपुडीत बाहेरच्या भिंतीला प्रत्येक बाजूला तीन वळलेल्या पट्ट्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. सगळ्यात खालची सगळ्यात मोठी. तिच्यावरचं अस्तर साधं नाही, त्याच्या आत शिरांची बारीक बारीक तळी आहेत. तळी भरली की अस्तर गादीसारखं फुगतं, उपसली की चपटं होतं. रक्त भरून फुगणाऱ्या अशा ऊती शरीरात मोजक्याच ठिकाणी आहेत. दुसरं ठिकाण कोणतं ते वाचकांनी ओळखावं. सिंपथेटिक नसा, म्हणजे आपल्या नकळत काम करणारे मज्जातंतू, या तळ्यांच्या भिंती सतत आवळून धरतात. पकड जरा सैल झाली की नाक बंद. शेंबडाचा थेंब नसतानाही नाक चोंदतं ते यामुळे, आणि कितीही शिंकरलं तरी ते मोकळं होत नाही तेही यामुळेच.

बऱ्याच जणांत ही पकड दर काही तासांनी बाजू बदलते. एक नाकपुडी मोकळी, दुसरी अर्धी मिटलेली, मग उलट. जर्मन डॉक्टर रिखार्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. आपल्याकडे योग्यांना ते फार आधीपासून ठाऊक होतं. डाव्या नाकपुडीची चंद्रनाडी आणि उजवीची सूर्यनाडी ही नावं त्यातलीच. निरीक्षण उत्तम होतं. पण अमुक नाकपुडी चालू असताना संग केला तर मुलगाच होतो, असं त्याला जे शेपूट चिकटलंय आणि अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतं, ते कापून टाकायला हरकत नाही.

आता गरोदरपण. शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, म्हणजे लिटरभर तरी जास्तीचं. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांच्या भिंतीतले स्नायू ढिले पडतात. तळी तीच, पाणी जास्त आणि बांध सैल. तरी सगळं इस्ट्रोजेनच्या माथी मारता येत नाही, कारण ते सगळ्याच गरोदर स्त्रियांत वाढतं आणि नाक मात्र साधारण पाचातल्या एकीचंच असं हटून बसतं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात नाक चोंदलेल्या स्त्रियांच्या रक्तात वारेतून सुटणारं ग्रोथ हॉर्मोन जास्त सापडलं होतं.

थोडीशी सूज एवढी का जाचते? इथे एक गणित आहे, आणि मला ते फार आवडतं. नळी अरुंद झाली की तिच्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. चार मिलिमीटरची त्रिज्या तीनवर आली तर चार भागिले तीन, त्याचा चौथा घात: २५६ भागिले ८१. अडथळा तिपटीहून जास्त! नाक ही काही सरळ नळी नाही आणि हवाही तिच्यातून शिस्तीत वाहत नाही, त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नका. पण एक मिलिमीटर सूज म्हणजे एक मिलिमीटरचा त्रास नव्हे, एवढं लक्षात येईल. आडवं पडलं की डोक्याकडच्या शिरा भरतात, आणि ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची नाकपुडी आधी मिटते. डॉक्टरांनी 'डाव्या कुशीवर झोप' म्हणून सांगितलेलं, म्हणून भाचीची डावी नाकपुडी रात्रभर बंद.

मी भूलतज्ज्ञ. माझं लक्ष नाकापेक्षा त्याच्या खाली, कारण हीच सूज घशापर्यंत आणि स्वरयंत्रापर्यंत उतरते. ऑपरेशनआधी आम्ही समोर बसवून "आ करा, जीभ बाहेर काढा" म्हणतो, ती मल्लमपट्टी चाचणी. आंध्रात जन्मलेले आणि बॉस्टनला काम केलेले डॉ. शेषगिरी मल्लमपट्टी यांनी ती १९८५ मध्ये मांडली. पडजीभ पूर्ण दिसली तर वर्ग १. जिभेमागे टाळूचं हाडच काय ते दिसलं तर वर्ग ४, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाऊ शकतं. बॉस्टनलाच २००८ मध्ये काही बाळंतिणींचा घसा कळा सुरू होताना आणि बाळंतपणानंतर असा दोनदा पाहिला, तर साधारण तिघींत एकीचा वर्ग तेवढ्या तासांत एकाने वाढला होता. म्हणून सकाळी तपासलेला घसा मी रात्री पुन्हा बघते. बायका वैतागतात.

त्यात फुफ्फुसातला शिल्लक हवेचा साठा सुमारे २० टक्क्यांनी घटलेला आणि ऑक्सिजनचा खप वाढलेला. पूर्ण भूल दिल्यावर नळी घालायला उशीर झाला तर ऑक्सिजन भराभर उतरतो. १९८७ मधल्या एका ब्रिटिश पाहणीत नळी न जाण्याचं प्रमाण इतर ऑपरेशनांत २२३० त एक होतं, बाळंतपणाच्या ऑपरेशनांत २८० त एक. सिझेरियनला शक्यतो पाठीतूनच भूल देण्याचं हे एक मोठं कारण. नळी घालावीच लागली, तर नेहमीपेक्षा बारीक घेतो.

भाचीला मी उशाखाली आणखी एक उशी घ्यायला आणि मिठाच्या पाण्याचे थेंब घालायला सांगितलं. नाक झटकन मोकळं करणारे औषधी थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ते आवळणाऱ्या नसांचीच नक्कल करतात, आणि सलग काही दिवस वापरले की तळी उलटी अधिक फुगतात. आणि नवऱ्याला विचारलं, "घोरते का?" गरोदरपणात नव्याने सुरू झालेल्या घोरण्याबरोबर वाढलेला रक्तदाब अधिक वेळा आढळतो, त्यामुळे ही गोष्ट चेष्टेत न घालवता तपासणीच्या वेळी सांगायची. तो हसला. ती नाही हसली.

खरं गरोदरपणातलंच नाक असेल तर बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत आपोआप सुटतं. बारशाला मी मुद्दाम विचारलं, नाक कधी मोकळं झालं? "लक्षातच नाही आलं ग मावशी," ती म्हणाली, "रात्रभर जागीच असते."

मुलगी झाली. काकूही आल्या होत्या. आता त्या बाळाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत होत्या.