गिझर रात्रभर चालू ठेवला की बिल कमी येतं? अजिबात नाही

आपल्या सोलापुरात घरोघरी ऐकू येतं, गिझर बंद-चालू केला की लाइट जास्त खातो, चालूच ठेवा, सकाळी सगळ्यांना पाणी पुरतं. चूक आहे हे. टाकीतनं उष्णता बाहेर जातच राहते, पाणी जितकं गरम तितकी जास्त, मग ती भरून काढायला रात्रभर कॉइल परत परत लागते. २५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० ला न्यायला साधारण १ युनिट, २ किलोवॅटच्या गिझरला अर्धा तास, आणि त्यात गार पाणी मिसळलं की अंघोळीजोग्या जवळपास ३ बादल्या होतात. माणसं जास्त असली तर पहिल्या अंघोळीआधी अर्धा तास लावा नि पुढच्या लागोपाठ उरका. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा क्षार चढतो, तो मात्र वेळेवर साफ करून घ्या, नाहीतर कॉइल लवकर जाते.