नसबंदी आणि खच्चीकरण: एकाच दोरीतला फरक

"आमाला काय बैल करायलाव का?" नसबंदीचा विषय काढला की आमच्या उदगीर भागात आशाताईंना हेच ऐकावं लागतं. हा अडाणीपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. देवणी आणि लाल कंधारी गुरांच्या या मुलखात गोऱ्हा खच्ची करताना पोरं लहानपणीच पाहतात. माणसाची नसबंदी कुणी पाहिलेली नसते. मग जे पाहिलं त्यावरूनच अंदाज बांधला जातो.

म्हणून आधी गोऱ्ह्याचंच बघू. त्याला आडवा पाडून पाय बांधले की गुरांचे डॉक्टर लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा घेतात. अंडाच्या वर बोटांनी चाचपलं तर दोरीसारखं काही लागतं. ती अख्खी दोरी कातडीवरूनच चिमट्यात धरून दाबायची. कातडी फाटत नाही, पण आतली रक्तवाहिनी चेंगरते. रक्त बंद झाल्यावर अंड हळूहळू वाळतं आणि टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक तयार होणं थांबतं. गोऱ्ह्याची रग जाते, तो जुवाखाली येतो.

माणसालाही तशीच दोरी असते. तिच्यात रक्तवाहिनीशेजारी एक बारीक, कडक नळी असते, शुक्रवाहिनी. तिच्यातून शुक्रजंतू वर जातात, एवढंच तिचं काम. नसबंदीत तेवढ्या जागेला भूल देऊन, बारीक छिद्रातून ही नळी तेवढी बाहेर काढून तोडतात आणि बांधतात. रक्तवाहिनी शाबूत राहते. टेस्टोस्टेरॉन या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात उतरतं. म्हणून दाढी, ताकद, इच्छा, ताठरपणा, सगळं होतं तसंच राहतं. वीर्यही येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो. बिनटाक्याची पद्धत 1974 साली चीनमधले डॉक्टर ली शुनचियांग यांनी काढली. साधारण 15-20 मिनिटांचं काम, आणि माणूस त्याच दिवशी घरी.

मात्र लगेच भरवसा ठेवायचा नाही. नळीत पुढे गेलेले शुक्रजंतू शिल्लक असतात. 3 महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगितल्यामुळे बायकोला दिवस गेले आणि संशय तिच्यावर आला, असं घडतं. कितीतरी घरांत त्याने विष कालवलंय. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते.

भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, 1976-77 च्या एका वर्षात देशभर सुमारे 62 लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीने. त्यानंतर सगळा भार बाईच्या पोटावर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण 37.9 टक्के होतं, पुरुषांच्या नसबंदीचं 0.3. गर्भ टाळणं हे बाईचं काम, असं 35 टक्के पुरुषांनी सांगितलं. बाईचं पोट उघडावं लागतं आणि काही दिवसांत ती पुन्हा उसाच्या फडात मोळ्या उचलते. हे मला सहन होत नाही.

माझ्या चुलतभावाने दोन लेकींनंतर स्वतःची नसबंदी करून घेतली. आठवड्याने तो पारावर आला तेव्हा एकाने विचारलंच, "मग, झालास का बैल?" त्याने शेजारी पडलेली सुतळी उचलली, पीळ उलगडला आणि एक धागा वेगळा काढून दाखवला. "ह्यो एकच तोडला. बाकीची दोरी हाय तशी हाय."