न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका

सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाट चढावा लागतो. चढताना सगळेच गिअर खाली आणतात, कारण गाडीच दम लागल्याचं सांगते. उतरताना मात्र पेट्रोल वाचेल म्हणून कितीतरी जण न्यूट्रल टाकतात. ही सवय खरंच जिवावर बेतणारी आहे.

१,२०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे १२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ सगळी ब्रेकवर येते. चारही चाकांच्या डिस्क आणि ड्रम मिळून २५ किलो लोखंड धरलं, तर ते शंभरेक अंशांनी तापेल; वाऱ्याने निवेल तेवढं वजा. लायनर फार तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे लवकर उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागून खाली जातं.

गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनला फिरवतात आणि बरीचशी ऊर्जा इंजिनच खातं. पेट्रोलचं म्हणाल, तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात तेच बरोबर: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार लागण्याआधीच ब्रेकने वेग कमी करा, मग चौथा, तिसरा असा एकेक गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. भर वेगात पाचव्यावरून थेट दुसरा टाकला तर इंजिन किंचाळतं, चाकं घसरू शकतात.

पाऊस पडला की शेताकडच्या वाटेवर हिशोब उलटा होतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत लिंपून बसते. मग टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा जोर चाकाशी बारा-चौदा पट होऊन पोचतो, चिखलाला तो पेलत नाही आणि चाक जागच्या जागी फिरतं. दुसऱ्यात हा जोर साधारण निम्मा. म्हणून दुसरा गिअर, पाय हलका आणि मध्येच गिअर बदलायचा नाही, कारण क्लच दाबला की आलेली गती जाते. रुतलात तर रेस करू नका, चाक आणखी खोल जातं. स्टिअरिंग सरळ करा, चाकापुढचा चिखल काढा आणि खाली उसाचं पाचट किंवा गोणपाट घाला.

हायवेवर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याचदा मागे दिवा नसलेल्या. तुमचा वेग ८०, ट्रॅक्टरचा २०. अंतर दर सेकंदाला साधारण १७ मीटरने घटतं. डिपर खाली असताना ट्रॉली ५० मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद, त्यातला एखादा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. वेग ५० असेल तर सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात आरसा पाहून, तिसरा गिअर टाकून मगच बाजू काढता येते. समोरून दिवे दिसले तर मागेच थांबता येतं.