उष्णता, आर्द्रता आणि मृत्युमान : मोजणीच्या पद्धती

उष्णता व दमटपणा यांमुळे एखाद्या शहरात किंवा जिल्ह्यात एरवीपेक्षा किती जास्त माणसे दगावली, याचा अंदाज बांधण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. केवळ उष्माघाताच्या नोंदी मोजून हा आकडा हाती लागत नाही. उन्हाळ्यात बळी जाणारे बहुतेक जण वृद्ध किंवा हृदयाचे, मूत्रपिंडाचे, श्वसनाचे रुग्ण असतात आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर उष्णतेचा उल्लेखही नसतो. म्हणून नोंदवलेले कारण बाजूला ठेवून सर्वच मृत्यू मोजतात.

सर्वांत सरळ रीत म्हणजे तुलना. अहमदाबादेत मे २०१० मध्ये ४,४६२ मृत्यू झाले. २००९ व २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजे १,३४४ मृत्यू अतिरिक्त, ४३ टक्के वाढ. २१ मे रोजी पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला आणि एरवी दिवसाला शंभरेक मृत्यू होणाऱ्या या शहरात ३१० नोंदले गेले. २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला.

अशी तुलना मोठी लाट पकडते. रोजच्या उकाड्याचा हिशेब मात्र तिच्यातून निसटतो. त्यासाठी किमान पाच-दहा वर्षांचे दैनिक मृत्यू आणि हवामान घेऊन प्वासाँ समाश्रयण, म्हणजे रोजच्या मृत्युसंख्येचा हवामानाशी संबंध काढणारी संख्याशास्त्रीय रीत, वापरतात. त्यात ऋतुमान, आठवड्याचा वार व दीर्घकालीन कल वेगळे काढतात आणि उष्णतेचा परिणाम त्याच दिवसापुरता न धरता पुढच्या काही दिवसांपर्यंत तपासतात. ज्या तापमानाला मृत्यू सर्वांत कमी, ती आधाररेषा. एखाद्या दिवसाची जोखीम तिच्या १.२५ पट निघाली, तर त्या दिवसाच्या मृत्यूंपैकी ०.२५ ÷ १.२५, म्हणजे २० टक्के उष्णतेच्या खात्यावर जातात. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख यांची गल्लत झाली, तर हा सगळा खटाटोप वाया जातो. नोंदणी उशिरा होते, शिखर पुढे सरकते आणि परिणाम पसरून फिका दिसतो.

खरी मेख आर्द्रतेत आहे. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या किती टक्के वाफ आहे ते प्रमाण, तापमानाबरोबर दिवसभर बदलते. हवामान खात्याची मुख्य निरीक्षणे सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० ची. सकाळी २८ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल आणि हवेतली वाफ तेवढीच राहिली, तर दुपारी ३६ अंशांना ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते. वेट बल्ब तापमान, म्हणजे फुग्यावर ओली वात गुंडाळलेल्या तापमापकाचे वाचन, २७.७ अंशांच्या आसपास निघते. पण सकाळचे ८० टक्के दुपारच्या कमाल तापमानाला जोडले, तर तेच ३३ अंश दिसते. पाच अंशांची ही चूक निव्वळ वेळ न जुळवल्याची. म्हणून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते) किंवा विशिष्ट आर्द्रता (दर किलो हवेतली वाफ) घ्यावी, नाहीतर दोन्ही मोजमापे एकाच तासाची असावीत. वेट बल्ब तापमापकाच्या फुग्यावरची मलमलीची वात मळली किंवा कोरडी पडली, तरी वाचन चढे येते आणि हवा आहे त्याहून दमट भासते.

नुसते तापमान पाहणे किती फसवे, हे विदर्भ व कोकण शेजारी ठेवले की कळते. ४५ अंश व १५ टक्के आर्द्रतेला वेट बल्ब सुमारे २४ अंश. ३५ अंश व ६५ टक्क्यांना २९. दुसऱ्या हवेत घाम निथळतो, वाळत नाही. मानवी सहनशक्तीची मर्यादा म्हणून ३५ अंश वेट बल्ब हा आकडा २०१० पासून रूढ झाला. पण पेनसिल्व्हेनियात निरोगी तरुणांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेत शरीराचे तापमान ३०-३१ अंशांपासूनच आवरेनासे झाले. वृद्धांसाठी इशारा देताना ३५ ची रेषा धरणे धोक्याचे आहे.

तरीही अनेक शहरांच्या मृत्यूनोंदींत तापमान धरल्यावर आर्द्रतेचा वेगळा परिणाम फारसा दिसत नाही. शरीरशास्त्राशी हे जुळत नाही, आणि त्यावर वाद चालू आहे. अशा बऱ्याच नोंदी समशीतोष्ण देशांतल्या आहेत हे एक कारण असू शकते. विमानतळावरच्या केंद्राची आर्द्रता पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याची नसते, हे दुसरे. अशा खोल्या रात्रीही निवत नाहीत, त्यामुळे कमाल तापमानासोबत रात्रीचे किमान तापमानही समाश्रयणाच्या प्रतिमानात घालावे.